आधी धार, मग लाकूड, शेवटी लेथ: कातकाम आणि कोरीवकामाचा छंद कोल्हापुरात कसा उभा करावा

लाकूड कातायला, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्याराने गोल आकार द्यायला, शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी लेथ, म्हणजे लाकूड फिरवणारं यंत्र, विकत घेतात. मिळेल ते लाकूड त्यावर चढवतात, दुकानातून आलेली पटाशी तशीच धार न लावता टेकवतात, लाकूड उपटून येतं, हाताला झटका बसतो आणि काही महिन्यांत लेथवर जुनी वर्तमानपत्रं साठायला लागतात. माझ्या मते हा क्रमच उलटा हवा. आधी धार लावायला शिकावं, मग लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, वाचायला शिकावं आणि लेथ सगळ्यांत शेवटी घ्यावा. ही दोन कौशल्यं हातात असतील तर साध्या, जुन्या लेथवरही सुंदर काम होतं. नसतील तर परदेशी मशीनही कामाला येत नाही.

या छंदासाठी कोल्हापूरइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. शिवाजी उद्यमनगरात लोखंडाचं कोणतंही काम करून मिळतं. टिंबर मार्केटमध्ये आणि गावोगावच्या वखारीत लाकूड आहे. चप्पल लाईनमध्ये धार घासायला चामडं आहे. हुपरीच्या चांदी कारागिरांमुळे पॉलिशचं सामान जवळपास मिळतं. तंतुवाद्यं घडवणारी मिरज तासा-दीड तासावर आहे, लाखकामाची सावंतवाडी आंबोली घाटाखाली आहे. हाताने यंत्र घडवण्याची रीतही इथे जुनी. सुतारकाम आणि शिल्पकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यातल्या बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला होता.

पाहायला शिकणं

हत्यार हातात घेण्याआधी काही रविवार नुसतं पाहण्यात घालवा. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून काही जुन्या वाड्यांचे लाकडी खांब उभे आहेत. अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपाच्या लाकडी खांबांकडे आणि महिरपींकडे दर्शनाच्या रांगेतून आपण सवयीने पाहतो, पण एकदा वही घेऊन पाहा. जुन्या पाळण्याचे पाय, पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याचे गज बघताना एक गोष्ट लक्षात येईल: जिथे सांधा आहे तिथे लाकूड चौकोनी ठेवलेलं असतं आणि दोन सांध्यांच्या मधला भाग तेवढा कातलेला असतो. चौकोनातून गोलात जाताना कारागिराने खांदा कसा उतरवला आहे, ते कागदावर काढा. मणी, गळा आणि घागर एवढ्या तीन आकारांतून बहुतेक सगळे जुने कातीव नमुने तयार झालेले दिसतील. ही वही पुढे अनेक वर्षं उपयोगी पडते.

सावंतवाडीची चितारआळी मात्र चुकवू नका. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग लाकडावर चढतो, हे प्रत्यक्ष पाहायलाच हवं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणलाही हीच रीत आहे. तिथे काळ्या कुड्याचं पांढरंशुभ्र लाकूड वापरतात आणि लाख चढल्यावर केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात.

धार

आठ इंची बेंच ग्राइंडर घ्या, तोही मंद, म्हणजे १४४० आरपीएमचा (मिनिटाला १४४० फेरे). दुप्पट वेगाच्या ग्राइंडरवर नवशिक्याचं पोलाद झिजून संपतं. ग्राइंडरसोबत येणारं करडं चाक काढून ८० ग्रिटचं (ग्रिट म्हणजे दाण्याचं माप, आकडा मोठा तितका दाणा बारीक) पांढरं चाक बसवा आणि चाकाचा तोंडवळा सपाट करायला डायमंड ड्रेसर घ्या. नवीन चाक बसवण्याआधी बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच टोला द्या. आवाज खणखणीत आला तर चाक ठीक. बद्द आला तर आत चीर असू शकते, असं चाक वापरू नये. चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर सुरू करायचा नाही.

कातकामाच्या हत्यारात दोन गोष्टी कळायला हव्यात: धार आणि धारेमागचा तिरका उतार, ज्याला बेव्हल म्हणतात. कातताना हाच उतार लाकडावर टेकून चालतो आणि धारेला किती खोल जायचं ते ठरवतो. त्यामुळे उतार एकसलग हवा, त्यावर पायऱ्या पडलेल्या नकोत. गाऊज म्हणजे पन्हळीसारखी गोल पटाशी. रफिंग गाऊजला (चौकोनी लाकूड गोल करायचा) सुमारे ४५ अंश, स्पिंडल गाऊजला (लाटण्यासारख्या लांब कामाचा) ३५ ते ४०, बाऊल गाऊजला (वाडग्याचा) ५० ते ६०, आणि स्क्यूला (तिरक्या धारेची सपाट पटाशी) दोन्ही बाजूंचा मिळून ३० ते ४० अंशांचा कोन ठेवा. स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं हत्यार, ७० ते ८० अंशांचा, जवळजवळ उभाच.

कोन जमवायची सोपी युक्ती अशी. सगळा उतार मार्कर पेनाने काळा करा. ग्राइंडर बंद ठेवून चाकाला हत्यार टेकवा आणि चाक हाताने थोडं फिरवा. शाई मधोमध आणि पूर्ण लांबीत पुसली गेली तर कोन जुळला. फक्त धारेजवळ पुसली तर मूठ खाली करा, फक्त मागच्या टोकाला पुसली तर वर करा. मग ग्राइंडर सुरू करून आधी उताराचं मागचं टोक टेकवा आणि हळूहळू धारेकडे या. ठिणग्या धारेच्या वरून पडायला लागल्या की थांबा. जोर लावायचा नाही, हत्याराच्या स्वतःच्या वजनाइतका दाब पुरे. हायस्पीड स्टीलचं हत्यार थोडं निळं पडलं तरी बिघडत नाही. साध्या कार्बन पोलादाचं निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला असं समजा आणि तो घासून काढा.

धार आहे की नाही हे बोटाने पाहू नका. दिव्याखाली धार डोळ्यांसमोर धरा. कुठे चकाकणारी रेघ दिसली तर तिथे धार गेलेली आहे, कारण खऱ्या धारेवर उजेड परावर्तित व्हायला जागाच नसते. बाभूळ किंवा चिंचेसारखं लाकूड कातताना काही मिनिटांतच पुन्हा ग्राइंडरकडे जावं लागतं. यात कंटाळा करणारा माणूस पुढे पॉलिश पेपर घासत तासन्‌तास बसतो.

उद्यमनगरात मशीन शॉपचे जुने हायस्पीड टूल बिट मिळतात. त्यांना हवा तो आकार देऊन उत्तम छोटे स्क्रेपर होतात. पण जुनी कानस घासून लेथचं हत्यार करू नका. कानशीचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं, झटका बसला तर ते तुटून तुकडा तोंडावर येऊ शकतो.

कोरायच्या पटाश्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ग्राइंडर फार क्वचित लागतो. १००० ग्रिटच्या दगडावर उतार सारखा करा आणि मग चामड्यावर घासा. इथे कोल्हापूरकरांची चैन आहे. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते आणि तेच घट्ट, न ताणणारं चामडं धार घासायला उत्तम. चप्पल लाईनमध्ये कातरणीतला हातभर तुकडा मागा, लाकडी पट्टीवर चिकटवा, त्यावर हिरवा पॉलिशिंग साबण घासा. पटाशी नेहमी मागे ओढायची, धार पुढे करून ढकलायची नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी असे थोडे हात मारले की दगडावर परत जाण्याची वेळ फार उशिरा येते. गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी गोल काठीवर चामडं गुंडाळून ठेवा.

लाकूड

लाकूड म्हणजे केरसुणीच्या काड्यांची घट्ट बांधलेली जुडी. काड्या ज्या दिशेने गेल्या आहेत त्या दिशेने, वरून खाली उतरत कापलं तर प्रत्येक काडीला खालच्या काडीचा आधार मिळतो आणि काप स्वच्छ येतो. उलट दिशेने गेलात तर काडी उचकटते. कातकामातले आणि कोरीवकामातले सगळे नियम यातूनच निघतात.

आपल्याकडच्या लाकडांबद्दल माझं मत थोडक्यात सांगतो. कोरायला शिकण्यासाठी शिवण सर्वोत्तम: मऊ, एकसारखं, फिकट आणि वाळल्यावर फार न हलणारं. कातायला शिकण्यासाठी आंबा, कारण तो स्वस्त आहे, मुबलक आहे आणि त्याच्यात रंगांच्या सुंदर छटा निघतात. पण त्याला कीड लवकर लागते. हेदू पिवळसर, बारीक पोताचं, डब्या-करंड्यांसाठी छान. फणसाचा पिवळा रंग काही वर्षांत तपकिरी होतो, तो मला ताज्या रंगापेक्षा जास्त आवडतो. आजरा-चंदगडकडून फणसाचं लाकूड येतं. बाभूळ आणि चिंच जड, चिवट, लाटण्याला आणि मोगरीला योग्य. शिसव राजेशाही, पण शिकताना ते वाया घालवू नये. सागाला रेषा सरळ असते, मात्र त्यातली वाळूसारखी खनिजं धार पटकन खातात. पांगारा अगदी हलका, सावंतवाडीची लाकडी फळं यातूनच होत आली. बिब्ब्याच्या लाकडाला हात लावू नका, त्याच्या रसाने अंगावर फोड येतात. कण्हेर विषारी आहे, तिची वस्तू घरात नको.

लाकूड मिळवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे वखारीत ओळख वाढवणं आणि जळणासाठी जाणाऱ्या ढिगातून ओंडके निवडणं. झाड तोडण्याच्या भानगडीत पडू नका. शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात, म्हणजे स्वतःच्या बांधावरचं झाडसुद्धा विचारल्याशिवाय तोडता येत नाही. चंदनाच्या बाबतीत तर कागदपत्रांशिवाय तुकडाही घेऊ नका.

ओंडका ओला मिळाला तर त्याच दिवशी पुढची कामं करा. दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉलचा जाड थर द्या, कारण पाणी टोकांतून फार वेगाने निघतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग ओंडका बरोबर मध्यातून, गाभ्यावरून उभा चिरा. गाभा तसाच ठेवलेला गोल ओंडका उकलल्याशिवाय राहत नाही. वाढीच्या कड्यांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, ते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतल्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं आणि हा ताण कुठे तरी फुटतोच. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना हिशेब अजूनही बरोबर आहे.

सुकलं की नाही हे पाहायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा. लागोपाठ तीन वेळा वजन बदललं नाही तर ते लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जुळलं. पावसाळ्यात मात्र हे माप फसवं असतं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवाच इतकी ओली असते की सुकलेलं लाकूड पुन्हा पाणी ओढतं. लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर तो तुकडा त्याच क्षणी बाकीच्यांपासून दूर करा.

लेथ

आता लेथ. घरगुती छंदाला दहा ते बारा इंच व्यासाचं काम घेणारा आणि अर्धा ते एक हॉर्सपॉवरची मोटर असलेला लेथ पुष्कळ झाला. ओतीव बेड (लेथची लोखंडी बैठक) असलेला, वजनदार घ्या. हलका असेल तर स्टँडच्या तळाशी वाळूची पोती ठेवा, थरथर लगेच कमी होते. घेताना तीन गोष्टी तपासा. टेलस्टॉक (लाकडाचं मोकळं टोक धरणारा सरकता भाग) हेडस्टॉकपर्यंत (मोटरकडचा, लाकूड फिरवणारा भाग) सरकवून दोन्ही सेंटरची, म्हणजे लाकूड मधोमध धरणाऱ्या अणकुचीदार तुकड्यांची, टोकं एकमेकांना भिडतात का पाहा. स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरता दांडा) हाताने वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का पाहा. आणि स्पिंडलची आटी प्रचलित मापाची, म्हणजे १ इंच ८ आट्यांची किंवा ३३ मिलिमीटरची आहे का विचारा. विचित्र आटी असेल तर चक आणि फेसप्लेट ही लाकूड पकडायची साधनं दर वेळी खास बनवून घ्यावी लागते.

वेग बदलता येणं फार महत्त्वाचं. पट्टा बदलून चालतं, पण थ्री फेज मोटर आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावला तर बटण फिरवून वेग मिळतो. उद्यमनगरात ही जोडणी करून देणारे आहेत. वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. स्पिंडलची उंची तुमच्या कोपराइतकी ठेवा. त्यापेक्षा खाली ठेवलात तर पाठ जाते, आणि हा छंद सत्तरीतही करायचा असेल तर पाठ सांभाळायला हवी.

दिवा बाजूने आणि जवळून हवा. जुन्या ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यामुळे फिरतं लाकूड काही वेगांना स्थिर असल्यासारखं दिसतं आणि माणूस हात पुढे करतो.

वेगाचा आडाखा सोपा आहे. व्यास इंचांत घ्या आणि आरपीएमने गुणा. उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं. दहा इंची वाडग्याला ६०० ते ९००, तीन इंची डबीला २००० ते ३०००. लाकूड अजून ओबडधोबड असेल तर यापेक्षाही बरंच खाली राहा.

हातमोजे घालू नका. अंगठी, घड्याळ, उपरणं, ओढणी, साडीचा मोकळा पदर, लांब बाही, सुटे केस यातलं काही लेथजवळ चालत नाही. तोंडावर पूर्ण फेसशील्ड हवं, नुसता चष्मा पुरत नाही. सुरू करताना फिरत्या लाकडाच्या रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहा. भुशाबद्दल तर मी आग्रहीच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेला आहे. सर्वांत बारीक धूळ पॉलिश पेपर मारताना उडते. तेव्हा एन-९५ मास्क लावा, पंखा असा ठेवा की धूळ तुमच्यापासून खिडकीकडे जाईल, आणि खोली झाडून नव्हे तर व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने साफ करा.

पहिलं काम: लाटणं

लाटण्यात कातकामाचा सगळा पाया येतो आणि ते रोज वापरात राहतं, म्हणून मी सगळ्यांना याच्यापासून सुरुवात करायला सांगतो. बाभळीची किंवा चिंचेची, गाठ नसलेली, चांगली सुकलेली, ४० मिलिमीटर चौरस आणि ३५० मिलिमीटर लांब पट्टी घ्या.

१. दोन्ही टोकांना कर्णरेषा मारा आणि छेदबिंदूवर पंच मारा. एका टोकाला कर्णांवर करवतीने दोन-तीन मिलिमीटर खोल खाचा पाडा, म्हणजे दातांचा सेंटर घट्ट बसेल. सेंटर मोगरीने लाकडात ठोकून मगच लेथवर चढवा. स्पिंडलमध्ये बसवून ठोकलात तर बेअरिंगला मार लागतो.

२. टेलस्टॉक आवळा. टूलरेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) लाकडापासून पाच-सहा मिलिमीटरवर, मध्यरेषेच्या किंचित खाली ठेवा. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कोपरा कुठे अडत नाही ना, पाहा.

३. वेग ८०० ते १००० ठेवा. रफिंग गाऊजचा उतार आधी लाकडावर टेकवा, धार अजून हवेत. उताराचा ठकठक आवाज येईल. मग मूठ हळूहळू वर करा. एका क्षणी ढलपी निघायला लागते, तोच कोन. हात नाही, कंबर आणि पाय हलवत एका टोकाकडे जा. सुरुवात टोकापासून थोडं आतून करा आणि बाहेर जा, नाहीतर टोकाची कपची उडते.

४. लाकूड गोल झालं की वेग १५०० च्या आसपास न्या, शिकताना आडाख्यापेक्षा कमीच बरा. पेन्सिलीने मध्य आणि मुठींच्या जागा मारा. कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) ठरलेल्या मापावर लावा, पार्टिंग टूलने (अरुंद खाच पाडायचं हत्यार) तिथे खाच पाडा. कॅलिपर सरकला की थांबा. मध्यावर ३२ मिलिमीटर, मुठींजवळ २५ असा हलका फुगवटा पोळी सरकायला चांगला.

५. स्पिंडल गाऊजने नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे या. एका दमात दरी उतरून पलीकडची चढण चढू नका. पलीकडच्या बाजूने पुन्हा वेगळं खाली उतरा.

६. टूलरेस्ट काढून ठेवा आणि मगच पॉलिश पेपर मारा: १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक ग्रिटनंतर लेथ थांबवून रेषांच्या दिशेने हाताने घासा, म्हणजे आडवे ओरखडे जातात. फडकं बोटाला गुंडाळून फिरत्या कामाला लावायचं नाही. टिश्यू पेपर वापरा, अडकला तर तो फाटतो, बोट वाचतं. शेवटी त्याच लाकडाच्या मूठभर ढलप्या फिरत्या लाटण्यावर दाबून धरा. अशी चकाकी कुठल्याही डब्यातून मिळत नाही.

७. टोकं लेथवर सहा-सात मिलिमीटरपर्यंत बारीक करा, मग लेथ बंद करून करवतीने कापा.

लाटण्याला तेल न लावलं तरी चालतं. लावायचंच असेल तर घाण्यावरचं जवसाचं तेल अगदी पातळ लावून पुसून घ्या आणि आठ-दहा दिवस वाळू द्या. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, खवट होतं. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा आणि मग टाका.

लाटणं जमलं की भोवरा करा, मग विटी-दांडू, पाळण्याची खेळणी. एकच वस्तू ओळीने पाच-सहा वेळा करणं मला महत्त्वाचं वाटतं. सगळी लाटणी शेजारी ठेवून सारखी दिसेपर्यंत पुढे जाण्याची घाई नको.

वाडगा

वाडग्यात रेषा बदलते, म्हणून नियमही बदलतात. लाटण्यात तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात, वाडग्यात आडवे. त्यामुळे बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे कातायची आणि आतली बाजू काठाकडून मध्याकडे. रफिंग गाऊज वाडग्यावर कधीच वापरायचा नाही. त्याची मुठीत शिरणारी शेपटी बारीक असते, आडव्या तंतूंच्या झटक्याने ती तुटते. तिथे जाड दांड्याचा बाऊल गाऊजच हवा.

ओल्या आंब्याचा वाडगा दोनदा कातावा. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहा टक्के जाड ठेवा: दहा इंची वाडग्याला एक इंच. मग कागदी पिशवीत त्याच्याच भुशासकट ठेवा. तो लंबगोल होईल, तसं होऊ द्या. वजन स्थिरावलं की पुन्हा चढवून अखेरच्या जाडीपर्यंत आणा. जाड भिंतीत आकसण्याला वाव राहतो आणि पातळ केल्यावर आकार टिकतो.

झाकणावर कमळ

आता कातकाम आणि कोरीवकाम एकत्र करू. हेदूचा किंवा शिवणीचा कुंकवाचा करंडा कातून घ्या. करंडा आतून पोकळ केल्यावर झाकणाचा सांधा लगेच अखेरचा करू नका. डबी आणि झाकण दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा आणि मग सांधा बसवा, कारण आतलं लाकूड उघडं पडलं की ते थोडं हलतंच. झाकणाच्या माथ्यावर साधारण सहा मिलिमीटर जास्त जाडी कोरण्यासाठी राखा.

कोरायला पाच पटाश्या पुरतात: एक सपाट, एक हलक्या गोलाईची, एक खोल गोल, एक व्ही आकाराची आणि एक टोकदार चाकू. सोबत बाभळीची छोटी मोगरी.

झाकण एका फळीवर चिकटवा, मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून. काम झालं की पातळ पटाशी घालून हलकेच उघडलं की कागद दुभंगतो आणि झाकण सहीसलामत सुटतं. फळी शिकंज्यात धरा. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे राहिले पाहिजेत. कोरताना होणाऱ्या बहुतेक जखमा लाकूड धरलेल्या डाव्या हातालाच होतात.

मध्यातून दोन काटकोनी रेषा काढा, त्यांचे कोन दुभागा, आठ भाग झाले. मध्ये कर्णिकेचं छोटं वर्तुळ, भोवती आठ पाकळ्या. व्ही पटाशीने रेषेपासून अर्धा मिलिमीटर बाहेरून खाच पाडा. मग पाकळीच्या गोलाईला जुळणारी पटाशी उभी धरून मोगरीने बाह्यरेषेवर ठोका, हा उभा काप. त्यानंतर बाहेरून त्या कापाकडे आडवे काप घेत जमीन, म्हणजे पाकळ्यांभोवतीचा भाग, खाली उतरवा. उभ्या कापामुळे ढलपी तिथेच तुटते आणि पाकळी वाचते. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका.

आठ पाकळ्यांत रेषेची दिशा आठ प्रकारे येते. दोन पाकळ्या रेषेच्या बाजूने सहज कोरल्या जातात, दोन आडव्या येतात आणि उरलेल्या चार पाकळ्यांच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिशेने कोराव्या लागतात. लाकूड खरखरीत वाटायला लागलं की लगेच पटाशी उलट दिशेने फिरवा. कोरीवकाम शिकायला हा एक नमुना पुरे आहे, कारण त्यात लाकूड सगळ्या बाजूंनी तुमची परीक्षा घेतं. जमीन सपाट झाली की पाकळ्यांना गोलाई द्या: काठ खाली, मधली शीर वर, टोक किंचित उचललेलं. कोरलेल्या भागावर पॉलिश पेपर मारू नका. धारदार पटाशीच्या शेवटच्या हातांनी जो तुकतुकीत पृष्ठभाग येतो, तो पेपरने मंद होतो.

वर चपडा लाखेचं पॉलिश चढवा. एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्या, गाळा, मऊ ब्रशने पातळ हात मारा. स्पिरिट पेटतं, तेव्हा जवळ दिवा-उदबत्ती नको.

वर्षाची आखणी

कोल्हापूरच्या हवेप्रमाणे कामं वाटून घेतली तर लाकूडही साथ देतं. जून ते सप्टेंबर कोरायचा काळ. ओल्या हवेत चपड्याच्या पॉलिशवर पांढरी झाक येते, म्हणून या दिवसांत पॉलिश करू नये. याच काळात लोखंडाला गंज लवकर चढतो. लेथच्या बेडवर आणि पटाश्यांवर मेणाचा पातळ हात द्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. ओले ओंडके दोनदा कातण्यासाठी हेच दिवस चांगले, कारण लाकूड हळू सुकतं आणि कमी फुटतं. दिवाळीनंतर थंडीत सांधे बसवावे, पॉलिश करावं, भेटवस्तू पुऱ्या कराव्यात. मार्च ते मे ओल्या लाकडाला सर्वांत वाईट. दुपारच्या कोरड्या झळेत ताजा वाडगा एका रात्रीत तडकतो. तेव्हा सुकलेल्या लाकडावर काम करा, वखारी फिरा आणि पुढच्या वर्षाचे ओंडके मधून चिरून, टोकांना मेण लावून रचून ठेवा.

प्रत्येक तुकड्यावर खडूने झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. दोन वर्षांनी आंबा आणि सिरस एकसारखे करडे दिसतात, आणि कुठला आधी चढवायचा हे त्या खडूच्या अक्षरांवरूनच कळतं.